सवाष्णीचे पाय

"लोगों में जागरूकता की कमी है." नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे कोणी नुसतं "लोगों में" म्हटलं तरी माझं डोकं फिरायला लागायचं. बैठकीत चहा आला की पाठोपाठ हे वाक्य यायचं. मुलं आजारी पडली, जागरूकता नाही. बायका दवाखान्यात उशिरा पोचल्या, जागरूकता नाही. बोलणारे गाडीतून यायचे आणि गाडीतूनच परत जायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी मध्य प्रदेशात धारकडे, तिरल्याच्या आसपासच्या खेड्यांतून आरोग्यशिक्षिका म्हणून नोकरी केली. इंजेक्शन देणारी नर्सबाई गावाला समजते, गोळ्या देणारा डॉक्टर समजतो. नुसती बोलणारी बाई कशाला लागते हे गावाला कळत नसे, आणि खरं सांगायचं तर वरच्यांनाही कळत नसे. मला मात्र पक्कं कळत होतं. इंदूरला आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा शिकवायला एक म्हातारे सर होते. बोलणं रुक्ष, आवाज बारीक, मागच्या बाकावर निम्मे लोक पेंगायचे. त्यांनी सांगितलेली तत्त्वं बाकीच्यांनी परीक्षेपुरती पाठ केली. मी ती गाठीला बांधून घेतली. सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं ते म्हणायचे. माणूस कधी कोरा नसतो. तो आधीच काहीतरी करत असतो आणि तसं करायला त्याच्याकडे कारण असतं. ते कारण आधी शोधा. त्याला जे ठाऊक आहे तिथून निघा आणि जे ठाऊक नाही तिथे त्याला बरोबर घेऊन जा. हाताने केल्याशिवाय कोणालाच काही येत नाही. आणि ज्याची गरज माणसाला स्वतःला वाटत नाही, ते ज्ञान कितीही खरं असलं तरी त्याच्या घरात शिरत नाही.

एकदा मला एका गावात हात धुण्याचं चित्र लावायला पाठवलं होतं. चित्रातल्या नळाला धो धो पाणी, आणि त्याच भिंतीला लागून असलेला हँडपंप उन्हाळाभर कोरडा. बायका चित्राकडे बघून पदराआड हसत होत्या. मी चित्र गुंडाळलं आणि परत आले. साहेबांना म्हटलं, हँडपंप दुरुस्त होईल त्या दिवशी लावीन. साहेब म्हणाले, "मॅडम, आपका काम जागरूक करना है." मी म्हटलं, "वही कर रही हूँ, सर. आपको." त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली. पण हँडपंप दुरुस्त झाला, चित्रही लागलं, आणि त्याच बायकांनी मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण आमच्या लोकांची फार लाडकी. घडा पालथा का ठेवलाय, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा सगळा राग मी निवृत्त होताना कचेरीत ठेवून येईन असं मला वाटलं होतं. तो माझ्या मागोमाग देवासपर्यंत आला.

देवास माझं माहेर. तिथे दादा आणि वहिनी राहतात. वहिनी लोहारद्याच्या मास्तरांची मुलगी, बोलण्यात मराठीपेक्षा माळवी गोडवा जास्त. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या भागात मराठी घरं पुष्कळ होती. आता पोरं पुण्याला, बंगळुरूला. घरं आहेत, पण त्यांत माणसं उरली थोडी, आणि जी उरली त्यांतल्या निम्म्या बायका माझ्यासारख्या, कुंकू गेलेल्या. सुना आहेत त्या नोकरीवर जातात. पण कुळधर्म काही बदलीवर जात नाहीत. श्रावणातला शुक्रवार येतो, गौरी येतात, अविधवा नवमी येते, दोन्ही नवरात्रं येतात, मार्गशीर्षातला कुळाचार येतो, आणि प्रत्येक घराला जेवायला सवाष्ण हवी असते. मग सगळी घरं एकाच दाराशी येत. "वहिनी, शुक्रवारी आमच्याकडे बरं का." वहिनी कोणाला नाही म्हणत नसत. म्हणणार कशा? सवाष्णीने नाही म्हणणं अशुभ. आणि त्यांना ते मनापासून आवडायचं, हेही सांगायला पाहिजे. सबंध आयुष्य ज्या बाईला घरात "चहा ठेव" आणि "दार लाव" एवढंच ऐकू आलं, तिला त्या दिवशी पाटावर बसवून, पाय धुऊन, हळदीकुंकू लावून, ओटी भरून देवीसारखं वागवतात. मी त्याला हसणार नाही, आणि कोणी हसलं तर मला खपणार नाही.

वहिनींना शुगर होती. गोळ्या चालू होत्या. पायांना मुंग्या येतात म्हणायच्या, मग म्हणेनाशा झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं बरं वाटलं असेल.

मार्गशीर्षानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला जखम दिसली. दादांनी हळद लावली, मग मलम लावलं. संक्रांतीच्या सुमाराला बोट काळं पडलं आणि इंदूरला भरती करावं लागलं. मी धारहून बस पकडून गेले. पाय सुजला होता म्हणून नर्सने जोडवी कापून काढली होती आणि वहिनी बोटापेक्षा जोडव्यांसाठी जास्त रडत होत्या. डॉक्टर तरुण होता, हुशार होता आणि घाईत होता. "माताजी, पढ़े-लिखे घर की हो, इतना भी ध्यान नहीं रखतीं?" असं तो सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला. वहिनींनी मान खाली घातली.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, त्यांनी काय लक्ष ठेवायचं हे त्यांना कोणी दाखवलं होतं का?"

"आप कौन?"

"मी त्यांची नणंद." तो पुढच्या खाटेकडे गेला.

दुपारी वॉर्ड शांत झाला तशी मी वहिनींच्या शेजारी बसले. जखम झाली कशी? ठेच लागली? चप्पल लागली? त्यांना काहीच आठवेना. मग मी सवयीने एकेक दिवस मागे नेत विचारत गेले. कुठे गेलात, काय केलंत, कोण भेटलं. असं करत आम्ही आत्याबाईंच्या घरच्या कुळाचारापर्यंत पोचलो.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, देवासलाच दिलेली. त्यांचं घर दादांच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. वयाने आता पार वाकल्यात, वैधव्याला कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या त्या थोड्याशा घरांत शास्त्र म्हणजे आत्याबाई. स्वतः कुठल्या सोहळ्याला हात लावत नाहीत. देवघराच्या उंबऱ्याशी बसतात आणि तिथून सगळ्यांना चालवतात. त्यांच्या घरात नातू आणि नातसून. नातसून इंदूरची, घरी बसून कंप्युटरवर नोकरी करते, मराठी कळतं पण तोंडात हिंदी. स्वभावाने गुणी.

"तिथे काय झालं?"

"काय व्हायचं, वन्सं? छान झालं की. थंडी एवढी कडक होती, पण पोरीनं गीझरचं गरम पाणी घेतलं. वाफ येत होती बघा पाण्यातून. परातीत पाय ठेवले, तिनं पाणी घातलं, दूध घातलं."

"पाणी भाजलं नाही?"

"नाही हो. मला तर काहीच लागलं नाही." मग म्हणाल्या, "पोरीनं मात्र हात झटकन मागे घेतला होता."

जो हात पाणी घालत होता तो भाजला म्हणून मागे गेला, आणि ज्या पायांवर ते पाणी पडत होतं ते जागचे हलले नाहीत. आणि त्या खोलीत एकीलाही त्याचा अर्थ कळला नाही. पूर्वी बंबाच्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालत. गीझर आला आणि विसण गेलं. पाय तर आधीच बधिर झालेले. मुंग्या थांबल्या त्या बरं वाटून नाही, तर पायांनी बोलणंच सोडलं म्हणून.

अजून एक गोष्ट त्याच दुपारी कळली आणि तिने माझा जीव जास्त जाळला. मी विचारलं, "त्या दिवशी गोळी कधी घेतलीत?" वहिनी म्हणाल्या, "नाही घेतली. सवाष्ण जेवायला जायचं तर सकाळपासून उपासच ना. नैवेद्य व्हायला तिसरा प्रहर होतो. आणि देवासच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, खाली पेट गोली मत लेना. मी त्यांचं सगळं ऐकते."

खरंच ऐकत होत्या. म्हणजे वर्षभरातल्या ज्या दिवसांत पुरण सगळ्यात जास्त पोटात जायचं, नेमकी त्याच दिवसांत गोळी जात नव्हती, आणि तीही डॉक्टरचं ऐकून. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याला मी माझ्यासमोर उभं करीन. सूचना बरोबर होती, बाई आज्ञाधारक होती. फक्त सूचना देणाऱ्याने ती बाई जगते कशी, हे विचारलेलं नव्हतं.

करंगळी काढावी लागली. सोडताना डॉक्टर म्हणाला की पुन्हा जखम झाली तर पुढची बोटं, कदाचित पाऊलही जाईल. "बाहर का खाना-पीना, ये पूजा-वूजा में जाना, सब बंद."

घरी आल्यावर चैत्र लागला. चैत्रातल्या नवरात्राला कोपऱ्यावरच्या घरून सवाष्णीचं बोलावणं ठरलेलं असायचं. या वेळी आलं नाही. दुसऱ्या घरचंही आलं नाही. मग कळलं की आत्याबाई म्हणाल्या होत्या, व्यंग आलं. देवीच्या पाटावर अव्यंग बाई लागते.

दादा म्हणाले, "बरंच झालं. आपोआप पथ्य होईल."

मी तेव्हा धारला होते. दादांचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. वहिनींनी गोळ्या बंद केल्या होत्या. पट्टी बदलू देत नव्हत्या. जेवत होत्या तर जेवत होत्या, नाहीतर बसून राहत होत्या. दादा वैतागून म्हणाले, "तू आरोग्यशिक्षण का काय ते करायचीस ना, ये आणि समजाव तिला."

मी गेले. समजावलं नाही. नुसतं विचारलं, "वहिनी, गोळी का नाही घेत?"

"कोणासाठी घेऊ?" त्या म्हणाल्या. "आता हे पाय राहिले काय आणि गेले काय."

त्या म्हाताऱ्या सरांनी हेही सांगितलं होतं. आरोग्य कोणी आरोग्यासाठी सांभाळत नसतं. कोणी नातवाला उचलायचं म्हणून सांभाळतं, कोणी शेतात जायचं म्हणून, कोणी मिरवायचं म्हणून. ते कारण काढून घेतलंत तर औषध नुसतं कडू लागतं. वहिनींचं कारण तो पाट होता. डॉक्टर म्हणत होता पाट सोडा, पाय वाचवा. आत्याबाई म्हणत होत्या पाय गेला, पाट सोडा. दोघांचा आजपर्यंत कशातच मेळ बसला नसता, पण वहिनींचा पाट काढून घेण्यावर मात्र दोघांचं एकमत! मला पायही हवा होता आणि पाटही. एकही सोडायला मी तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याबाईंकडे गेले. त्या उंबऱ्याशी माळ घेऊन बसल्या होत्या. नातसून आतल्या खोलीत काम करत होती.

"आत्याबाई, वहिनींचं बोट कशाने गेलं ठाऊक आहे?"

"शुगरनं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुमच्या कुळाचाराला परातीत जे पाणी घातलं त्याने. पाणी कढत होतं. त्यांच्या पायांना कळलं नाही, तुमच्यापैकी कोणाला कळलं नाही. देवीची म्हणून पूजा केलीत, त्या पूजेत बोट भाजलं. आणि आता त्यांनाच व्यंग म्हणता?"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नातसून दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, "मेरा हाथ जला था, आत्या. पण काकू तर हसत होत्या. मुझे लगा मीच नाजूक आहे." आणि ती रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तुझा काय दोष? तुला पाय धुवायला सांगितले, तू धुतलेस. थंडी होती म्हणून माया करून गरम पाणी घेतलंस. बघायचं काय, हे तुला कोणी शिकवलं नव्हतं.

आत्याबाईंची माळ थांबली होती. त्या म्हणाल्या, "झालं ते वाईट झालं. पण म्हणून शास्त्र मी बदलू का?"

"शास्त्र राहू द्या. पाणी बदला."

"फार बोलतेस. लहानपणापासूनच."

"हो," मी म्हटलं. "त्याचाच तर पगार घेतला."

त्या हसल्या नाहीत. पण चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्यांच्याच घरी होतं, आणि मी तिथे बायकांशी बोलणार आहे असं म्हटल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही. "चार शब्द बोल आणि मोकळी हो," एवढंच म्हणाल्या.

मी चार शब्दही बोलले नाही. विधवा बाई हळदीकुंकवाच्या खोलीत मधोमध येऊन बसली, यानेच काही जणी कानकोंड्या झाल्या होत्या. तिने भाषण देऊन आणखी उंच कशाला व्हायचं? आंबेडाळ आणि पन्हं होऊन गेल्यावर मी नातसुनेकडून परात आणि बादलीभर गरम पाणी आणवलं. मग विचारलं, "बाळाला न्हाऊ घालताना पाणी बेताचं आहे की नाही, कसं बघता?"

सगळ्यांची कोपरं वर झाली. बोलायलाही कोणी थांबलं नाही. तरुण सुना, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्यांना येत होतं. मराठी न येणारीलाही येत होतं.

"मग सवाष्णीचे पाय धुताना का नाही बघत?"

"अरे, वो तो बड़े होते हैं ना, बोलेंगे," एक सून म्हणाली.

"आणि पायालाच कळलं नाही तर?"

मी दोघीदोघींना समोरासमोर बसवलं. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने तिच्या पायाच्या बोटाला आपलं बोट हलकेच लावायचं, लागलं की सांगायचं. सुरुवातीला नुसतं खिदळणं. "गुदगुल्या होतात गं." "हौ, लागलं, लागलं." मीही एकीसमोर बसले होते. वयाने माझ्याएवढीच, हसण्यात सगळ्यांच्या वरताण. तिने डोळे मिटले. मी तिच्या अंगठ्याला बोट लावलं. ती गप्प. मी बोट तसंच ठेवलं. ती डोळे मिटून, हसू ओठांवर धरून वाट बघत होती. मग म्हणाली, "लावा ना. कधी लावताय?"

शेजारच्या दोघींनी ते बघितलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी. खोलीतलं हसणं हळूहळू थांबलं. तिने डोळे उघडले, माझं बोट आपल्या अंगठ्यावर बघितलं आणि पाय पदराखाली ओढून घेतला.

त्यानंतर मला फारसं सांगावं लागलं नाही. पाणी कोपराने बघायचं हे तर होतंच. पाय धुताना बोटांच्या बेचक्यात बघायचं, टाचा बघायच्या, तळवा उलटून बघायचा, कुठे फोड, चीर, काळेपणा दिसला तर त्याच दिवशी बोलायचं. मऊ कापडाने कोरडं करायचं. डॉक्टर घरी रोज करा म्हणून सांगतात ते हेच, फक्त ते सांगताना परात आणत नाहीत. जे काम आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मान म्हणून होतं, त्यात डोळे उघडे ठेवायचे एवढीच भर.

जेवणावरून मात्र जुंपली. एकीने म्हटलं, नैवेद्य बाराच्या आत दाखवू, देवीला कुठे उशीर हवा असतो, उशीर आपल्याला होतो. हे पटलं. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची, हेही पटलं. पण पुरणाचा आग्रह करायचा नाही म्हणताच एक काकू उसळल्या. "आग्रह नाही तर सवाष्ण कसली? मग मेसला जेवायला घाला." दुसरीने म्हटलं अर्धी पोळी वाढा, आणि अर्धी-अर्धी म्हणत दोन वाढल्या असं करू नका. एक जण तर उठूनच गेली. जाताना म्हणाली, हे सगळं हॉस्पिटलमध्ये करावं, देवासमोर पाय चिवडू नयेत. जाऊ दे. सगळ्यांना एका दुपारी पटलं असतं तर मला संशय आला असता. आत्याबाई उंबऱ्याशी बसून सगळं बघत होत्या.

मी वहिनींना घरी जाऊन फक्त एवढंच सांगितलं की बायका पाय बघायला शिकल्या. "कोणाचे?" त्यांनी विचारलं. "तुमचेही बघतील," मी म्हटलं. संध्याकाळी त्या दादांना पट्टीचं सामान काढायला सांगत होत्या, ते मी ऐकलं.

बोलावणं यायला श्रावण उजाडला. मधल्या दिवसांत वहिनी गोळी घेत होत्या, कधी चुकवतही होत्या. मी धारहून फोन करायचे, रागवायचे नाही, विचारायचे. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. आवाज वेगळा. "वन्सं, पोरगी आली होती. शुक्रवारी सवाष्ण म्हणून बोलावलंय. आत्याबाईंना विचारलं का म्हटलं, तर म्हणाली, दादीला मी सांगितलं, विचारलं नाही."

मी शुक्रवारी सकाळच्या बसने देवासला पोचले. एरवी अशा दिवशी मी जात नाही. कोणी जा म्हणत नाही आणि कोणी ये म्हणत नाही. त्या दिवशी गेले आणि भिंतीला टेकून बसले. बघू कोण उठवतं.

वहिनी आल्या त्या पायात बंद चपला घालून, अगदी पायऱ्यांपर्यंत. अनवाणी आल्या नाहीत. पाटावर बसल्या आणि पाय परातीत ठेवले. उजव्या पायाला चार बोटं. त्यांनी तो पाय साडीच्या निऱ्यांत लपवला नाही. नातसुनेने बादलीत कोपर बुडवलं, गार पाणी ओतलं, पुन्हा बुडवलं. मग पाय धुतले, बेचक्यांत बघितलं, तळवा हातात घेऊन उजेडाकडे केला. जिथे करंगळी होती तिथल्या व्रणावर तिचा अंगठा क्षणभर थांबला. मऊ पंच्याने टिपून तिने हळदीकुंकू लावलं. आत्याबाई उंबऱ्याशी होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं, एवढं मी पाहिलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

नैवेद्य झाला होता, ताट वाढलं होतं, घड्याळात अजून बारा वाजायचे होते. नातसून म्हणाली, "काकू, या जेवायला."

वहिनी पाटावरून उठल्या, पण ताटाकडे गेल्या नाहीत. देवघराच्या उंबऱ्याशी गेल्या आणि आत्याबाईंच्या पुढ्यात खाली बसल्या.

"आत्याबाई, पाय दाखवा."

"माझे?" आत्याबाईंना खरंच कळलं नाही. "वेडी का काय? विधवेचे पाय कोणी धुतं का? आणि तू सवाष्ण, ताटावरची. ऊठ आधी."

"धुवायचे नाहीत. बघायचेत."

"माझ्या पायांना काही झालेलं नाही."

वहिनी आयुष्यात कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी ते पाऊल उचललं आणि ओटी भरायच्या पदरातच आपल्या मांडीवर घेतलं. मी पुढे सरकले. नातसून हातातली पळी घेऊन तशीच आली. त्या घरात कितीतरी सवाष्णींचे पाय धुतले गेले होते, आत्याबाईंनीच ते धुवून घेतले होते. त्यांच्या स्वतःच्या पायांकडे, त्यांचे यजमान गेल्यापासून, कोणी बघितलं नव्हतं. टाच फाटून भेग आत खोल गेली होती, आणि भेगेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. वहिनींनी तिथे बोट ठेवलं.

"दुखत तर नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"मलाही दुखलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.